सुरतेच्या जुन्या कबरस्तानात ‘जिवंत इतिहास’ फेरी कशी उभी करावी

सुरतेला जाणारा मराठी माणूस तापीकाठचा किल्ला बघतो, चौटा बाजारात खरेदी करतो, घारीचा डबा घेतो आणि परतीची गाडी पकडतो. कतारगाम दरवाज्याकडची जुनी इंग्रज आणि डच-आर्मेनियन कबरस्तानं त्याच्या वाटेत येत नाहीत. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची फौज सुरतेत शिरली तेव्हा इंग्रजांची वखार लढवत बसलेला जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच पुरलेला आहे. मलबारच्या वनस्पतींवरच्या ज्या ग्रंथासाठी तीन कोंकणी पंडितांनी नागरी लिपीत साक्ष लिहून दिली, तो ग्रंथ घडवून आणणारा डच अधिकारीही तिथून जवळच आहे. या दोन नावांवरच एक उत्तम मराठी फेरी उभी राहते. ती कशी करायची, ते इथे सविस्तर देतो.

‘जिवंत इतिहास’ फेरीत वाटाड्या लोकांना एकेका कबरीपाशी नेतो आणि त्या काळचा पोशाख केलेला नट किंवा नटी तिथे पुरलेल्या माणसाच्या तोंडून त्याची हकीकत सांगते. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. अटलांटाच्या ओकलंड स्मशानभूमीत दर ऑक्टोबरात अशा फेऱ्या होतात. आपल्याकडे ‘कबरस्तान’ आणि ‘फेरी’ हे शब्द एकत्र आले की लोकांना भुताटकी आठवते. आयोजकालाही मोह होतो: कंदील, धूर, किंचाळ्या. तो पहिल्याच बैठकीत मोडून काढावा. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटी भीती विकणं हा त्याचा अपमान आहे, आणि खरी हकीकत त्याहून कितीतरी पकड घेणारी असते.

माझा आग्रह एकाच नियमाचा आहे. पुढचं सगळं त्यातूनच निघतं. पात्राने कागदात किंवा दगडावर जे आहे तेवढंच बोलावं. बाकीचं वाटाड्याने आपल्या नावाने सांगावं.

आधी जागा वाचा

पहिल्या भेटीला संहिता, पोशाख, नट यांचा विचारही करू नका. वही, मोजपट्टी, कॅमेरा आणि एक हाती आरसा घेऊन जा. झिजलेला कोरीव मजकूर समोरून येणाऱ्या उजेडात दिसत नाही. आरशाने ऊन बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर टाकलं की अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ओळ उठून येते. त्याच क्षणी फोटो घ्या. खडू घासणं, कोळसा फिरवणं, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढणं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं, यातलं काहीही करायचं नाही. तीनशे वर्षं टिकलेला पृष्ठभाग एका उत्साही दुपारी जातो.

इंग्रजांच्या भागात सगळ्यात आधी नजर जाते ती ऑक्झेंडन बंधूंच्या थडग्यावर. दुमजली, एकावर एक घुमट, कोपऱ्यांना खांब. लांबून पाहिलं तर एखाद्या मुसलमान सरदाराचा मकबरा वाटावा. धाकटा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला आणि जॉर्ज १४ जुलै १६६९ ला. दोघांची आठवण एकाच वास्तूत आहे. ख्रिस्तोफरच्या लॅटिन लेखाकडे विशेष लक्ष द्या, कारण फेरीतला पहिला जिवंत क्षण तिथेच मिळतो. तो अख्खा लेख वखारीच्या हिशेबनिसाच्या भाषेत आहे. या हिशेबनिसाला दिवसच मोजता आले, वर्षं नाहीत, कारण मृत्यूने हिशेब घाईने मागितला. मालकहो, तुमचा तोटा किती आणि नफा किती विचारता? तुमचा चाकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा प्राण गेला. पण जमेच्या बाजूला तो लिहील, ‘मरण हाच माझा नफा’. व्यापाऱ्यांच्या गावात व्यापाऱ्याच्या कबरीवर जमाखर्च! हा लेख मराठीत सावकाश वाचला की लोक आपोआप पुढे सरकून ऐकतात.

त्याच आवारात मेरी प्राइसचा दगड आहे. कंपनीने १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला ताब्यात घेतल्यावर किल्ल्याचा आणि मुघल आरमाराचा कारभार ज्याच्याकडे आला, त्या विल्यम अँड्र्यू प्राइसची ती बायको. एप्रिल १७६१ मध्ये, तेविसाव्या वर्षी देवीच्या आजाराने ती गेली. देवीच्या ठिपक्यांच्या बुरख्याआडून तिने आपला निर्मळ, डाग नसलेला आत्मा देवाच्या हवाली केला, असं दगडावर आहे.

डच-आर्मेनियन कबरस्तान वेगळ्या आवारात आहे. तिथली मोठी वास्तू हेन्ड्रिक आद्रियान व्हान ऱ्हेडे याची. कोचीनहून सुरतेला येताना १५ डिसेंबर १६९१ ला तो जहाजावरच वारला. ऑक्झेंडनच्या थडग्यावर मात करायची म्हणून डचांनी एवढं मोठं बांधलं, असं सांगितलं जातं. वाटाड्यानेही ते ‘असं सांगतात’ म्हणूनच सांगावं. आर्मेनियन कबरी बहुतेक जमिनीलगतच्या आडव्या शिळा आहेत, त्यांच्या लिपीतल्या. त्यांच्यावर चुकून पाय पडणं सगळ्यात सोपं, म्हणून वाट आखताना आधी त्या नकाशावर मांडून घ्या.

परवानगी: इथे घाई चालत नाही

ही दोन्ही कबरस्तानं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत. कारभार वडोदरा मंडळाकडे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९५९ चे नियम इथे लागू आहेत. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या फेरीला थेट भिडतात.

एक, संरक्षित स्मारकात सभा, समारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. पोशाखातला नट बोलायला लागला की ही नुसती भेट राहत नाही. दोन, पैसे घेऊन पाहुण्यांना स्मारक दाखवायचं असेल तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. म्हणजे ‘प्रवेश फुकट, फेरीचे तीनशे’ हीदेखील पळवाट नाही.

अर्ज मंडळ कार्यालयाकडे, काही महिने आधी, लेखी करा. अर्जात हे असू द्या: तारीख आणि वेळ, एका वेळचे लोक, नट किती, पोशाख असेल पण मंच, मंडप, दिवे आणि ध्वनिक्षेपक नसेल हे स्पष्ट, वाट दाखवणारा हातनकाशा आणि संहितेची प्रत. संहिता आपणहून जोडली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. तिपाई लावून चित्रण करायचं असेल तर ते वेगळं मागा. सूर्यास्तानंतरचा विचारच सोडा.

परवानगी मिळाली नाही तर? फेरी थांबत नाही, तिचा आकार बदलतो. नटांचे प्रवेश शहरातल्या एखाद्या सभागृहात करा आणि मग लोकांना साध्या पाहुण्यांसारखं, शांतपणे, कबरी बघायला घेऊन जा. काही वेळा हे जास्त चांगलं जमतं, कारण बंद खोलीत आवाज पोचतो आणि कबरीपाशी दगडाकडे बघायला उसंत मिळते.

रखवालदार आणि शेजारच्या गल्लीतले लोक यांना कार्यालयाइतकंच महत्त्व द्या. कागद घेऊन आलेल्या परगावच्या मंडळींपेक्षा त्या आवाराशी रोजचा संबंध त्यांचा आहे. आधी जाऊन भेटा, काय करणार ते सांगा, पहिल्या फेरीला त्यांना बोलवा.

कागद गोळा करणं

मराठी वाचकाला इथे एक मोठी सोय आहे. १९३० साली पुण्यात निघालेल्या ‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’त त्या काळातल्या पत्रांचा मराठी सारांश तारखेनुसार लावलेला आहे. १६६४ च्या जानेवारीची पानं काढली की सुरतेतून गेलेल्या इंग्रजी पत्रांचा मागोवा लागतो. मग मूळ इंग्रजी मजकूर विल्यम फॉस्टरने संपादित केलेल्या इंग्रज वखारींच्या कागदपत्रांत पाहायचा. कबरींवरच्या लेखांसाठी जुन्या मुंबई इलाख्याचं सुरतेचं गॅझेटिअर आणि १९७६ साली लंडनमध्ये सुरू झालेली दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरस्तानांची संघटना, ‘बॅक्सा’, यांची मदत होते. तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

कागद वाचताना तारखांनी घोळ होतो, तो आधीच सोडवून ठेवा. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं पंचांग वापरत होते. ते नव्यापेक्षा सतराव्या शतकात दहा दिवस मागे होतं, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे शिवाजी महाराज सुरतेला आले तो बुधवार, ६ जानेवारी १६६४, इंग्रजांच्या कागदात ६ जानेवारी १६६३ म्हणूनही सापडतो. डच कंपनी नवं पंचांग वापरायची, तिच्या हिशेबाने तोच बुधवार १६ जानेवारी १६६४. तिन्ही तारखा बरोबर आहेत. फेरीत एकच वापरा आणि कुणी विचारलं तर वाटाड्याला कारण सांगता आलं पाहिजे. आर्मेनियन शिळांवर त्यांचं स्वतःचं वर्ष असतं, त्यात ५५१ मिळवले की साधारण इसवी सन येतो. मेरी प्राइसचा दगड १७६१ चा, तिथे काही करावं लागत नाही.

प्रत्येक पात्रासाठी एक फूलस्केप ताव घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे कागदातलं आणि दगडावरचं वाक्य, उजवीकडे ते कुठे मिळालं. उजवी बाजू रिकामी असलेली एकही ओळ पात्राच्या तोंडी जाणार नाही.

कोण बोलेल आणि कोण नाही

तासा-दीड तासाच्या फेरीला चार थांबे पुरतात. जास्त घेतले की प्रत्येक माणूस दोन ओळींचा होतो. मी हे चार घेईन.

ख्रिस्तोफर ऑक्झेंडन. इथे नट नको. वाटाड्याने लेखाचं मराठी वाचावं, तेवढं पुरे.

जॉर्ज ऑक्झेंडन. फेरीचा कणा हाच. त्याच्याबद्दल कागद भरपूर आहे आणि श्रोत्यांना दुसरी बाजू आधीपासून माहीत आहे.

मेरी प्राइस. तिच्याबद्दल दगडाशिवाय हाताशी काही नसेल तर तिला बोलतं करू नका. ‘मी मेरी, मला इथली हवा मानवली नाही’ अशी वाक्यं सुचायला लागली की थांबा, ती तुमची आहेत. एका बाईने तो लेख वाचावा आणि मग वाटाड्याने देवीच्या आजाराबद्दल सांगावं. इंग्रज डॉक्टर जेनरने देवीची लस दिली १७९६ मध्ये. ती मुंबईत पोचली १८०२ मध्ये, आणि हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती मुंबईतल्या अॅना डस्टहॉल या लहान मुलीला. मेरीला हे सगळं चार दशकं उशिरा आलं. या थांब्यावर आणखी काही लागत नाही.

चौथा थांबा व्हान ऱ्हेडेचा, आणि इथे मी मुद्दाम वेगळं करेन. त्याला बोलायला लावायचं नाही. त्याच्या थडग्यापाशी बाहेरून एक माणूस येईल, धोतर-उपरण्यातला कोंकणी पंडित. ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या वनस्पतींची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अपू भट या तीन कोंकणी पंडितांनी. पंडितांची साक्ष २० एप्रिल १६७५ ची, नागरी लिपीत, आणि ती त्या लिपीतच ग्रंथात छापली गेली. चित्रांवर झाडांची नावंही नागरीत आहेत. हे तिघे सुरतेत पुरलेले नाहीत आणि सुरतेत आले होते असंही नाही. म्हणून वाटाड्याने आधी स्वच्छ सांगायचं: ‘हे गृहस्थ इथले नव्हेत. त्यांनी लिहून दिलेली साक्ष आपण इथे ऐकणार आहोत, कारण या घुमटाखालच्या माणसाचं नाव त्या साक्षीमुळेही टिकलं.’ गोव्याकडच्या श्रोत्यांना या थांब्यावर काय वाटतं ते एकदा अनुभवाच.

संहिता: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एका पात्राला पाच ते सहा मिनिटं. वाचून दाखवल्यावर साडेपाचशे ते सहाशे शब्द होतात. पहिल्या तीन वाक्यांत मी कोण, कधीचा, इथे कसा आलो. मग एकच प्रसंग, तपशिलाने. सबंध चरित्र नको. जन्म, शिक्षण, पदं ही वाटाड्याची खाती.

ऑक्झेंडनच्या प्रवेशाचा मधला भाग साधारण असा होईल:

“बुधवारी खबर आली. शिवाजीराजे बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत उतरले आहेत. मुघलांचा इथला सुभेदार इनायतखान किल्ल्यात शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. शहर उघडं. ज्यांना पळता आलं ते पळाले. आम्ही पळालो नाही. वखारीत कंपनीचा माल होता आणि तो टाकून गेलो असतो तर विलायतेला काय तोंड दाखवणार? जहाजांवरची माणसं बोलावली. ढोल आणि तुतारी पुढे घालून शहरातून फिरलो, दिसावं म्हणून. शेजारी व्यापारी हाजी सय्यद बेगचं मोठं घर. तिथून आग लागली असती तर आम्हीही गेलो असतो, म्हणून तेही धरलं. आमचा अँथनी स्मिथ शिवाजीराजांच्या माणसांच्या हाती सापडला. त्याच्याकरवी निरोप आला, तीन लाख द्या. मी दिले नाहीत.”

यात कुठेही शौर्याचं भाषण नाही, हे पाहा. तो माणूस व्यापारी होता, मालाचा विचार करत होता, आणि कागद तसंच सांगतात. इथे अश्रू किंवा छाती फुगवणं घातलं तर सगळं कोसळतं.

आता नाजूक भाग. त्या वर्षीच्या इंग्रजी पत्रांत शिवाजी महाराजांना बंडखोर, लुटारू म्हटलेलं आहे. मराठी श्रोत्यांसमोर, मोकळ्या आवारात, नटाच्या तोंडून ते शब्द फेकायचे का? माझं मत असं: पात्राने ‘शिवाजीराजे’ म्हणावं आणि आदरार्थी बोलावं, पण प्रवेश संपल्यावर वाटाड्याने सांगावं की मूळ पत्रात शब्द कडवट आहेत, आम्ही इथे बदलले आहेत. शब्द बदलणं चालेल. बदललं ते लपवणं चालणार नाही. तसंच स्मिथने सुटून आल्यावर कैद्यांना झालेल्या कडक शिक्षा सांगितल्या, त्याही गाळू नयेत. वाटाड्याने त्या एका वाक्यात सांगाव्यात.

आणि लगेच दुसरी बाजू यावी, तीही कागदाच्याच आधाराने. शाहिस्तेखानाने तीन वर्षं स्वराज्याचा मुलूख तुडवला होता. तो खर्च मुघलांच्या सगळ्यात श्रीमंत बंदरातून वसूल करणं यामागे राज्याचा हिशेब होता. फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहून ठेवलंय की कॅपुचिन पाद्र्यांच्या मठाला धक्का लावला नाही आणि डचांच्या एका दिवंगत, दानशूर हिंदू दलालाचं घरही सोडलं. १० जानेवारीला फौज परतली. औरंगजेबाने नंतर व्यापाऱ्यांना जकातीत सूट दिली. आणि दहा वर्षांनी, ६ जून १६७४ ला, रायगडावर राज्याभिषेकाच्या दरबारात कंपनीचा वकील म्हणून नजराणा घेऊन उभा होता तो हेन्री ऑक्झेंडन, याच घराण्यातला. फेरीचा हा थांबा इथे संपवावा. श्रोत्यांना दोन्ही टोकं एकाच आडनावात सापडतात.

भाषेबद्दल एक विनंती. इंग्रज पात्राला ‘टुम लोग हमको काय समजटा’ असं मोडकं, साहेबी मराठी देऊ नका. ती रंगभूमीवरची जुनी सवय आहे, हशा मिळतो आणि माणूस हरवतो. वाटाड्याने सुरुवातीलाच एकदा सांगावं की हे सगळे आपापल्या भाषेत बोलत होते, आपण मराठीत ऐकतोय. मग नटाने साधं, स्वच्छ मराठी बोलावं.

पोशाख

नाटक कंपनीच्या भाड्याच्या दुकानात ‘इंग्रज’ मागितला की लाल डगला आणि सोला हॅट मिळते. ती एकोणिसाव्या शतकातली. १६६० च्या दशकातल्या ऑक्झेंडनला रुंद काठाची काळी हॅट, गळ्याशी पांढरी सपाट पट्टी, लांब बाह्यांचा गडद डगला, गुडघ्याखाली बांधलेली विजार आणि लांब मोजे. व्हान ऱ्हेडेच्या काळापर्यंत मोठे कुरळे टोप रूढ झाले होते, पण आपण त्याला आणतच नाही, म्हणून तो खर्च वाचला. कापड सुती घ्या. लोकरीचा डगला घालून सुरतेच्या उन्हात दीड तास उभा राहणारा नट तिसऱ्या प्रयोगाला येणार नाही. शेरवानीचा जुना शिंपी मिळाला तर हे सगळं व्यवस्थित बेततो.

पायात सपाट तळव्याची पादत्राणं. तलवार, बंदूक, मशाल नको. शस्त्राची नक्कल असली तरी प्रश्न उभे राहतात आणि हकीकतीला त्याची गरज नाही.

नट कुठून आणायचे

मुंबई-पुण्याहून आणू नका, निदान सगळे नकोत. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मंडळांत, शाळांत गणेशोत्सवातल्या एकांकिका करणारी मुलं आहेत. सुरतेत जन्मलेल्या मराठी मुलाने सुरतेच्या कबरीपाशी उभं राहून ही गोष्ट सांगावी, यात जो खरेपणा आहे तो बाहेरच्या नटाला आणता येणार नाही. शिवाय त्यालाच गुजरातीतूनही फेरी करता येईल.

वाट, वेळ, माणसं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ. पावसाळ्यात गवत वाढतं, शिळा दिसत नाहीत आणि साप असतात. सकाळी लवकर, शक्यतो रविवारी, कारण कतारगामची रहदारी वाढली की ध्वनिक्षेपकाशिवाय बोलणं कठीण.

एका गटात वीस-पंचवीस लोक. दोन गट करायचे असतील तर त्यांच्यात चाळीस मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर एका नटाच्या वाक्यात दुसऱ्या गटाच्या टाळ्या शिरतात. पुढे वाटाड्या आणि सगळ्यात मागे एक ‘शेवटचा माणूस’. त्याचं काम फक्त इतकंच: कुणी मागे राहत नाही, कुणी शिळेवर बसत नाही, कुणी वरच्या मजल्यावर चढत नाही.

प्रत्येक थांब्यावर लोकांनी कुठे उभं राहायचं ते आधी ठरवा. नटाच्या तोंडावर उजेड असावा आणि लोकांच्या डोळ्यांत ऊन नसावं. हे एवढं साधं आहे, पण त्यासाठी प्रयोगाच्याच वेळी आदल्या आठवड्यात जाऊन उभं राहून पाहावं लागतं. ऑक्झेंडनच्या थडग्यापाशी नटाला वास्तूत उभं करू नका, आवाज घुमतो आणि शब्द विरतात. दोन-तीन पावलं बाहेर उभा करा.

मुंबईहून येणाऱ्यांना रेल्वेने तीन-चार तास लागतात. त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळी पोचण्याची सूचना आमंत्रणातच द्या. पाणी, टोपी, बंद पादत्राणं आणि ‘आवारात स्वच्छतागृहाची सोय गृहीत धरू नका’ हेही लिहा.

तालीम

आधी खोलीत, जमिनीवर खडूने आवार आखून. मग जागेवर, पोशाखाशिवाय, परवानगीच्या अटी पाळून. तिसरी पोशाखासह, पण खोलीतच. जागेवरच्या तालमीत वाटाड्याने आपलं बोलणं प्रत्यक्ष चालत म्हणून पाहावं. एका थांब्याहून दुसऱ्याकडे जाताना पडणारी शांतता त्याला भरायची नसते. लोकांना दगड बघू द्या.

नटांकडून प्रश्नोत्तरांचीही तालीम घ्या. प्रवेश संपला की हॅट काढायची, दोन पावलं पुढे यायचं आणि स्वतःचं नाव सांगायचं. त्यानंतर जे विचारतील त्याला तो ऑक्झेंडन म्हणून नव्हे, अभ्यास केलेला माणूस म्हणून उत्तर देईल. हा फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे. ‘औरंगजेबाबद्दल तुम्हाला काय वाटायचं?’ असा प्रश्न येतोच, आणि पात्रात राहून दिलेलं उत्तर तिथल्या तिथे बनवलेलं असतं.

प्रयोगाच्या दिवशी

परवानगीच्या पत्राच्या दोन प्रती, एक वाटाड्याकडे, एक शेवटच्या माणसाकडे. प्रथमोपचाराची पेटी. जवळच्या दवाखान्याचा पत्ता. पात्रांचे ताव, म्हणजे नट ऐनवेळी आला नाही तर वाटाड्या तोच मजकूर हातात कागद धरून वाचेल. माझ्या मते हे वाचनसुद्धा प्रयोगापेक्षा फारसं उणं ठरत नाही.

फाटकापाशी आत शिरण्याआधी दोन मिनिटं: इथे माणसं पुरलेली आहेत, शिळांवर उभं राहायचं नाही, टेकायचं नाही, खाणं-पिणं बाहेर, फोटो चालतील, सेल्फीसाठी घुमटावर चढणं नाही. हे हात जोडून सांगा, दम देऊन नको. फुलं, मेणबत्त्या आणू देऊ नका. मेणाचे डाग दगडात मुरतात.

चालू दफनभूमी असेल तर

हीच पद्धत मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेता येईल का, हे अनेकजण विचारतील. मुंबईचा पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डने १८६५ मध्ये ती जागा दफनभूमीसाठी घेतली. बोरीबंदर स्थानकाचा वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचा जॉर्ज विटेट तिथेच आहेत. पात्रं उत्तम, कागद मुबलक. पण तिथे आजही दफनं होतात. ज्या आवारात कुणी काल आपल्या आईला माती दिली आहे, तिथे पोशाखातला नट नको. तिथे वाटाड्या, हातात कागद, हळू आवाज, दहा-बारा लोक आणि अंत्यविधी दिसला की फेरी थांबवून बाहेर पडणं, एवढंच योग्य. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत तर तेवढंही वाचन मी फक्त फाटकाबाहेर करेन.

फेरीनंतर

ज्या दिवशी फेरी होईल त्या दिवशी, लोक गेल्यावर, नोंदवलेल्या प्रत्येक दगडाचा पुन्हा तसाच, आरशाच्या उजेडात फोटो घ्या. पहिल्या भेटीच्या फोटोशेजारी ठेवा. कुठे नवा टवका उडालाय, कुठे ओल चढलीय, कुठे कुणी नाव कोरलंय, ते दिसेल. तारीख घालून हे फोटो आणि मजकुराची मराठी-इंग्रजी नक्कल मंडळ कार्यालयाला पाठवा आणि एक प्रत ‘बॅक्सा’ला. टवका नवा असेल तर पुढची फेरी लगेच लावू नका. आधी वाट बदला, शेवटच्या माणसाची जागा बदला, गट लहान करा.